नवशिक्याचें बिनतारी हेलिकॉप्टर

खेळण्यांच्या दुकानांत कांचेच्या कपाटापुढें उभा राहून एखादा मुलगा हेलिकॉप्टरकडे बोट दाखवितो, तेव्हां त्याच्या वडिलांच्या मनांत पहिला प्रश्न किमतीचा येतो. खरा प्रश्न निराळा आहे. हें यंत्र चुकीला किती क्षमा करील, हा तो प्रश्न होय. बिनतारी हेलिकॉप्टर विकत घेणें हें पांच मिनिटांचें काम असलें, तरी तें उडवितां येणें ही एक विद्या आहे; आणि पुष्कळ घरांत ही विद्या पहिल्याच दिवशीं भिंतीवर आपटून संपते. हें ऐकणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं असें एखादें मोडकें यंत्र माळ्यावर पडलेलें असेल. त्या यंत्राबरोबर "आपल्याला हें जमणारें नाहीं" ही मुलाची समजूतही तेथेंच पडून राहते. दोष बहुधा मुलाचा नसतो. निवडीचा आणि घाईचा असतो.

हेलिकॉप्टर उडविणें विमान उडविण्याहून कठीण कां, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. चांगल्या बांधणीचें लहान विमान हात सैल सोडले तरी कांहीं काळ आपल्या वाटेनें जात राहतें. त्याचे पंख व शेपूट त्याला सांवरून धरतात. हवेंत एका जागीं उभें राहिलेलें हेलिकॉप्टर मात्र पालथ्या वाटीवर ठेवलेल्या गोटीसारखें असतें. एका बाजूला किंचित् कललें कीं तें तिकडे सरकूं लागतें, आणि कोणी अडविलें नाहीं तर सरकतच जातें. शिवाय डोक्यावरचा पंखा एका दिशेनें फिरूं लागला कीं खालचें धड उलट दिशेनें फिरूं पाहतें. क्रियेला प्रतिक्रिया असते हा न्यूटनचा नियम येथें डोळ्यांना दिसतो. तें फिरणें रोखण्यासाठीं शेपटीला लहान उभा पंखा लावलेला असतो. पण यंत्र वर नेण्यासाठीं मोठ्या पंख्याचा जोर वाढविला कीं धडाची ओढही वाढते, आणि शेपटीचा जोर त्या मानानें बदलावा लागतो. सारांश, एक गोष्ट हलविली कीं दुसरी बिघडते.

ही अडचण मोठ्या हेलिकॉप्टरांच्या कर्त्यांनाही पुरेपूर छळून गेली. अमेरिकेंतील आर्थर यंग यांनीं १९२८ च्या सुमारास लहान मॉडेलांवर प्रयोग करण्यास आरंभ केला आणि दहा वर्षांहून अधिक काळ तोच ध्यास घेतला. पात्यांशीं काटकोनांत, टोकांना वजनें असलेली एक आडवी दांडी बसविली तर पंखा सहजासहजीं कलत नाहीं, हें त्यांना मॉडेलावरच साधलें. १९४१ सालीं ते बेल कंपनींत गेले. त्यांच्या आंखणीचें बेल ४७ हें यंत्र ८ मार्च १९४६ रोजीं नागरी वापरासाठीं प्रमाणित झालें. असा मान मिळविणारें अमेरिकेंतील तें पहिलें हेलिकॉप्टर. म्हणजे येथें खेळण्याएवढ्या यंत्रानें मोठ्या यंत्राला स्थैर्य शिकविलें. पुढें १९७० च्या सुमारास जर्मनीचे डीटर श्ल्यूटर यांनीं बिनतारी नियंत्रणाचें मॉडेल हेलिकॉप्टर हौशी लोकांच्या आटोक्यांत आणलें. नंतर हलक्या लिथियम बॅटऱ्या व इलेक्ट्रॉनिक जायरोस्कोप आले, आणि हें यंत्र मैदानांतून दिवाणखान्यांत शिरलें.

आज बाजारांत याचे ढोबळ मानानें तीन वर्ग दिसतात. पहिला, एकावर एक असे दोन पंखे असणाऱ्यांचा. ते पंखे परस्परविरुद्ध दिशांनीं फिरतात, त्यामुळें धडाची ओढ आपोआप फिटते. आणि वरच्या पंख्याशीं यंग यांच्या दांडीसारखीच वजनदार दांडी बहुधा असते. सायमा एस १०७ हें या वर्गांतील प्रसिद्ध खेळणें. त्याला वर-खालीं, डावें-उजवें वळण आणि पुढें-मागें अशा तीन हालचाली, म्हणजे तीन चॅनेल असतात. त्याचा संदेश अवरक्त किरणांनीं जातो. म्हणून तें घरांतच उडवावें, उन्हांत त्याला आज्ञा नीट पोंचत नाहीं. दुसऱ्या वर्गांत डोक्यावर एकच पंखा व शेपटीला एक अशी रचना असते. पात्यांचा कोन कायम असतो आणि चौथा चॅनेल यंत्राला बाजूला सरकवितो. खऱ्या हेलिकॉप्टरची भाषा येथें सुरू होते. तिसऱ्या वर्गांत पात्यांचा कोनच चालकाच्या इच्छेनें बदलतो. असें यंत्र उलटें होऊनही उडूं शकतें, आणि नवशिक्याच्या हातीं तें तितक्याच तत्परतेनें जमिनींत घुसतें.

लहान मुलानें पहिल्या वर्गापासून आरंभ करावा. मोठ्या वयाच्या व धीराच्या माणसानें जायरोस्कोप असलेल्या दुसऱ्या वर्गापासून केला तरी चालेल. तिसऱ्या वर्गाचा मोह पहिल्या वर्षीं टाळलेला बरा. घेण्यापूर्वीं दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा: सुटीं पातीं आणि दांतेरी चाकें मिळतात काय? न मिळणारें यंत्र कितीही स्वस्त असलें तरी महागच पडतें, कारण पातीं मोडणारच. नियंत्रकाच्या दांड्यांच्या मांडणीचे प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारांत डाव्या दांडीनें उंची व वळण, आणि उजवीनें पुढें-मागें व बाजूला सरकणें साधतें. ओळखीचे लोक जी मांडणी वापरतात तीच घ्यावी. एकदां हाताला लागलेली संवय बदलणें फार जड जातें.

पहिला धडा बंद खोलींत, छताचा पंखा थांबवून घ्यावा. यंत्र जमिनीच्या मध्यभागीं, शेपूट चालकाकडे करून ठेवावें, म्हणजे त्याचें डावें-उजवें आणि चालकाचें डावें-उजवें एकच राहील. जमिनीलगत पंख्याचा वारा उलटून येतो आणि यंत्र डगमगतें. म्हणून भीत भीत चार बोटें उचलण्यापेक्षां तें सरळ अर्धा-एक मीटर वर न्यावें. तेथें त्याला एका जागीं ठेवण्याचा यत्न करावा. दांडी ढकलून धरूं नये. टिचकी मारल्यासारखी हलवून मध्यावर आणावी. यंत्र सरकूं लागल्यावर नव्हे, तर कलूं लागतांच उलट इशारा द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाची संवय ही, कीं आपटणें अटळ दिसलें तर प्रथम पंख्याचा जोर पूर्ण बंद करावा. थांबलेलें पातें बहुधा वांचतें. फिरतें पातें स्वतः मोडतें व दांतेरी चाकेंही नासवितें.

हें साधलें म्हणजे खरी परीक्षा येते. यंत्राचें तोंड चालकाकडे वळलें कीं डावें-उजवें उलटें होतें, आणि कालचा निष्णात आज पुन्हां नवशिका ठरतो. म्हणून आधीं थोडें तिरपें, मग आडवें, आणि शेवटीं समोरासमोर असा क्रम ठेवावा. चार चॅनेलचें यंत्र समोरासमोर असतांना तें ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला दांडी ढकलावी, जणूं त्याला खालून टेकूच देत आहों. याचा सराव रिअलफ्लाइटसारख्या संगणकावरील कार्यक्रमांतही करतां येतो. तेथें शंभर वेळां आपटलें तरी एकही पातें मोडत नाहीं.

बॅटरीकडे दुर्लक्ष करूं नये. लिथियम पॉलिमरचा घट पूर्ण भरला असतां ४·२ व्होल्ट दाखवितो. तो ३ व्होल्टच्या खालीं उतरूं दिला तर कायमचा बिघडतो. उड्डाण कांहीं मिनिटांचेंच असतें. त्यानंतर घट निवूं द्यावा व मगच भरावा. भरतांना घर सोडून जाऊं नये, आणि फुगलेला घट पुन्हां वापरूं नये, कारण तो पेट घेऊं शकतो. मोठीं मॉडेलें तर खेळणीं नव्हेतच. त्यांचीं पातीं मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेतात. २०१३ सालीं न्यूयॉर्क शहरांत अशाच एका यंत्राचें पातें लागून तें उडविणारा तरुण जागच्या जागीं गेला. मैदानांत जातांना माणसांपासून दूर राहावें, आणि भारतांत २०२१ च्या ड्रोन नियमांनीं तेथील आकाश कोणत्या विभागांत येतें हें आधीं पाहावें; तांबड्या विभागांत केंद्र सरकारच्या परवानगीवांचून उडवितां येत नाहीं.

सामान्यतः वेगानें जाणें हें कौशल्य समजलें जातें. या यंत्राच्या बाबतींत उलट आहे. पुढें धांवणें तें कोणाच्याही हातीं शिकतें. एका जागीं स्थिर राहणें मात्र चालकाला शिकावें लागतें. ज्या दिवशीं मुलाच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून तें लहानसें यंत्र मिनिटभर न हलतां तरंगेल, त्या दिवशीं वडिलांनीं पुढच्या वर्गाचें यंत्र घेण्याचा विचार खुशाल करावा.