कशाचं घर, कधीचं घर

नगर तालुक्यातल्या एका गावात घरपट्टीची नवी आकारणी चालू होती. दर चार वर्षांनी ती होते. पुढे टेप धरलेला शिपाई, त्याच्यामागे काखेत नमुना आठचं रजिस्टर घेतलेले ग्रामसेवक. हुद्दा आता ग्रामपंचायत अधिकारी झालाय, पण हाक अजून 'भाऊसाहेब' हीच. मी नुसता बघायला मागोमाग.

लांबी-रुंदीवरून कोणी भांडलं नाही. अडलं ते पुढच्या दोन रकान्यांपाशी : बांधकाम कशाचं आणि कधीचं.

डिसेंबर 2015 मध्ये नियम बदलले, तेव्हापासून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर निघते. जागेची किंमत आणि इमल्याची किंमत रेडीरेकनरच्या दराने काढायची, इमल्यातून वयाप्रमाणे घसारा वजा करायचा, बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचं आणि मग दर हजारी कर लावायचा. समजा, 60 चौरस मीटरचं आरसीसी घर आहे, वय पंधरा वर्षं. सोयीसाठी जागेचा दर 500 आणि बांधकामाचा 15,000 रुपये धरू. जागेचे 30,000 झाले. इमल्याचे 9 लाख, पण या वयाला 80 टक्केच धरतात, म्हणजे 7 लाख 20 हजार. एकूण साडेसात लाख. आरसीसीला हजारी 1 रुपया 20 पैसे ते 2 रुपये ही मर्यादा, म्हणजे त्याच घराची पट्टी 900 रुपयेही होते आणि 1,500 सुद्धा. दर ठरवते ग्रामपंचायत. रेडीरेकनरच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी त्या मासिक सभेला जाऊन बसावं, असं मला वाटतं.

(नगर शहरात हिशेबच वेगळा. महापालिका घराला वर्षाचं भाडं किती येईल ते धरते, दुरुस्तीपोटी दहा टक्के सोडते आणि उरलेल्यावर कर लावते.)

"आबा, घर कधीचं?"

"बहात्तरच्या दुष्काळात पाया काढला. वरचं धाबं थोरल्याच्या लग्नाला."

कागद कुणाकडेच नसतो. मग जुन्या रजिस्टरात पहिली नोंद शोधायची, नाहीतर शेजारच्या म्हातारीला विचारायचं. वयाची जुळणी कोणी आळसाने केली, तर फटका मालकालाच : पन्नाशी ओलांडलेल्या आरसीसीला 40 टक्केच मूल्य धरतात, दगड-मातीच्या घराला त्याहून कमी. आबांच्या वाड्यामागे दोन स्लॅबच्या खोल्या निघाल्या. त्यांची ओळ वेगळी पडली, कारण एका घरात दोन प्रकारचं बांधकाम असलं की दोन हिशेब.

पट्टी वाढेल म्हणून लोक बांधकाम लपवत असतील, असा माझा समज होता. इथे उलटंच दिसलं. एकजण मागच्या पत्र्याच्या शेडकडे स्वतःच बोट दाखवत होता : "हेही लावून घ्या." वीजमीटर, बँक, घरकुल, जिथे जावं तिथे आठचा उतारा मागतात. हा उतारा मालकीचा पुरावा नाही, कर कोणाकडून घ्यायचा एवढीच त्याची नोंद, हे भाऊसाहेब दारोदार सांगत होते आणि कोणी मनावर घेत नव्हतं. दीर-भावजयीत रकमेवरून एक शब्द झाला नाही. नाव कोणाचं आधी, यावरून मात्र टेप तशीच ताणलेली राहिली.

पिठाच्या गिरणीपाशी आवाज चढला तो भारांकावरून. राहत्या घराला 1, कारखान्याला 1.20, दुकानाला 1.25. गिरणी पडवीत, मागे संसार. मालकाचं म्हणणं, सगळं घरच. भाऊसाहेबांनी पडवी तेवढी वेगळी मोजली.

आता यादी लागेल, हरकती ग्रामपंचायतीकडे आणि तिथे समाधान झालं नाही तर अपील पंचायत समितीकडे. पट्टी 30 सप्टेंबरच्या आत भरली तर पाच टक्के सूट. 900 वर 45 रुपये. गिरणीवाल्याने तेवढं मात्र दोनदा विचारून घेतलं.