आनंदवनाची पंचाहत्तर वर्षे आणि बालकाची पहिली तीन

आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे वांकिडी वसले आहे. पूर्वी हा भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता. २०१६ पासून तो कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतो. घरात मराठी, गोंडी वा कोलामी आणि शाळेत तेलुगू, अशी इथली रीत. याच रस्त्याने राजुरा गाठून, वर्धा नदी ओलांडून चंद्रपूरमार्गे वरोऱ्याला गेले की आनंदवन लागते. ते चालविणाऱ्या महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची. २०२४ साली तिला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी लेखाचा आग्रह झाला, तेव्हा हाच विषय मनात आला.

१९५१ साली बाबा आमटे आणि साधनाताई आपली दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर त्या माळरानावर उतरले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पुढे बहुऔषधी उपचार आले आणि २००५ अखेर आपल्या देशातील कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून खाली गेले. तरीही आनंदवन ओस पडले नाही. तत्पूर्वीच त्याचे दार अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग मुलामाणसांसाठी उघडले होते. भिक्षेने माणूस खचतो, श्रमाने उभा राहतो, ही बाबांची धारणा सर्वांनाच लागू पडत होती.

अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने तेथे गेले असता एका कर्णबधिर तरुणाचे हात मागावर सफाईने चालताना पाहिले. समाधान वाटले, आणि त्याच क्षणी मला एक जुनी चूक आठवली.

माझ्या व्यवसायाच्या आरंभीच्या काळात एक माउली दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. तो बोलत नव्हता. मी त्याच्या पाठीमागे टाळी वाजविली. त्याने मान वळविली. “ऐकू येतं, बोलेल हळूहळू,” असे सांगून मी तिला निश्चिंत केले. हाताची सावली किंवा हवेचा झोतही मुलाला वळवू शकतो, हे पुस्तकात वाचलेले त्या गर्दीत विसरले. दोन वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा दोन्ही कानांत तीव्र बधिरता निघाली. माउलीने एवढेच विचारले, “डॉक्टरबाई, तवाच समजलं असतं, तं बोलला असता का जी?”

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. भाषा रुजण्याचा सर्वांत सुपीक काळ पहिल्या तीन वर्षांचा. म्हणूनच पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारारंभ, हा दंडक आज जगभर मानला जातो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बधिरतेचा समावेश आहे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. तरतुदी आहेत, पण मूल प्रथम येते ते आपल्याच टेबलासमोर. तेथे आपण “वाट पाहू” म्हटले की सगळ्या तरतुदी वाटच पाहत राहतात.

आनंदवनासारख्या संस्था मोठ्या झालेल्या माणसाला काम आणि मान देतात. त्याआधीची वर्षे मात्र आपल्या हाती असतात. म्हणून आपल्या मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवते: वर्गणी काढून नवजात श्रवणचाचणीचे एक यंत्र घ्यावे आणि ठरलेल्या वारी ते सीमेलगतच्या प्रसूतिगृहांतून फिरवावे. कोणत्याही मातेची “हा बोलत नाही” ही तक्रार टाळीवर निकाली काढू नये.

पंचाहत्तर वर्षे राबणाऱ्या हातांना अभिवादन करण्याचा याहून उचित मार्ग मला तरी दिसत नाही. त्या माउलीला मी उत्तर देऊ शकले नाही. निदान तोच प्रश्न दुसरीवर विचारण्याची वेळ येऊ नये.