काइवीवरची वल्ही

हवाईतल्या मोलोकाई आणि ओआहू या बेटांमधल्या काइवी सामुद्रधुनीचा मुरलेल्या दर्यावर्दींनाही धाक वाटतो. मोलोकाईहून सहा जणांनी होडी वल्हवत ओआहूवरच्या वायकिकीपर्यंत न्यायची, म्हणजे सुमारे 65 किलोमीटर. टूट्स मिनविएल यांनी ही शर्यत सुचवली, तेव्हा अनेकांना ती जिवावरची वाटली. त्यांनी हेका सोडला नाही. 1952 च्या ऑक्टोबरात तीन होड्या निघाल्या. मोलोकाईचीच होडी पहिली आली, तिला जवळजवळ नऊ तास लागले. आज अव्वल संघ पाच तासांच्या आत पोचतात.

होडी अरुंद, मूळची कोआच्या लाकडाची. डावीकडे तोल सांभाळणारी उलांडी, कोकणातल्या काही होड्यांना असते तशीच. ती पाण्याबाहेर फार उचलली गेली की होडी उलटलीच. पहिल्या जागेवरचा लय धरतो, सहावा सुकाणू सांभाळतो. बारा-पंधरा फटके झाले की इशारा होतो आणि वल्ही एकदम बाजू बदलतात. सगळ्यात अवघड असते ती माणसांची बदली. सोबतची मोटारबोट पुढे जाऊन ताज्या दमाच्या गड्यांना भर समुद्रात उतरवते. होडी त्यांच्याजवळ आली की दमलेले एका बाजूने पाण्यात उड्या टाकतात आणि नवे दुसऱ्या बाजूने काठ धरून आत चढतात. होडी थांबत नाही. लाटांत डोकी वरखाली होत असताना सुकाणूवाल्याने त्यांच्यावर नेम धरायचा, ही खरी कसोटी.

एवढ्या कसोटीच्या शर्यतीत बायकांना मात्र जागा नव्हती. किनाऱ्यालगतच्या शर्यती त्या गाजवत होत्या, पण काइवी त्यांना झेपणार नाही, असं मानलं जाई. हा युक्तिवाद मला मुळातच लंगडा वाटतो. लाटांची नस ओळखणं आणि सहा जणांनी एकत्र श्वास घेणं इथे दंडांइतकंच मोलाचं आहे. 1975 मध्ये बायकांच्या दोन संघांनी सामुद्रधुनी पार करून दाखवली. माझ्या लेखी या शर्यतीचा 1952 नंतरचा सर्वांत मोठा दिवस तोच. तरी बायकांच्या अधिकृत शर्यतीला आणखी चार वर्षं लागली. 1979 मध्ये ‘ना वाहिने ओ के काइ’ सुरू झाली. हॅनी अँडरसन यांनी ती पुढे कित्येक वर्षं नेटाने सांभाळली.

1986 मध्ये या वल्हवण्याला हवाई राज्याचा अधिकृत सांघिक खेळ म्हणून मान मिळाला. 2020 मध्ये कोरोनामुळे दोन्ही शर्यती झाल्या नाहीत, नंतर त्या पुन्हा सुरू झाल्या. आता हवाईच्या माध्यमिक शाळांमध्ये मुलांचे, मुलींचे आणि मिश्र असे तिन्ही संघ वल्हवतात.