घर दाखवण्याची वेळ कोणाची?

घर विकणाऱ्याने घर दाखवण्याच्या वेळा सैल का ठेवाव्यात, हा आजचा विषय आम्ही संयोजकांना फोनवर सांगितला, तेव्हा पलीकडे दोन क्षण शांतता होती. मग ते म्हणाले, "सर, नक्की हाच?" आम्ही म्हटलं, हाच. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवूनही जे उमगलं नव्हतं, ते आम्हाला गेल्या वर्षी एक फ्लॅट विकताना उमगलं. त्यात पैसे गुंतले होते आणि आमच्या सौ.चे गुडघेही.

आधी हकिगत सांगतो. आमचा फ्लॅट कोथरूडला, जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. सौ.चे दोन्ही गुडघे गेलेले. खाली उतरायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागे. लेकीच्या घराजवळ लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. इसार देऊन टाकला आणि उरलेली रक्कम सहा महिन्यांत द्यायचं लेखी ठरलं. ती रक्कम जुना फ्लॅट विकूनच येणार होती. म्हणजे वेळेत विकला नाही तर इसार जाणार आणि जिना तसाच राहणार. असं असूनही आम्ही काय केलं? एजंटला अटींची यादी दिली. घर फक्त रविवारी अकरा ते साडेबारा दाखवलं जाईल. आदल्या दिवशी फोन हवा. चारपेक्षा जास्त माणसं नकोत. दुपारी एक ते चार तर बोलूच नका. (हसू नका, आम्ही पुण्याचे आहोत.)

पहिल्या महिन्यात पाच चौकश्या आल्या, प्रत्यक्ष आली दोन माणसं. दुसऱ्या महिन्यात एजंटने एका जोडप्याचं सांगितलं. दोघंही हिंजवडीला नोकरीला, गुरुवारी रात्री साडेआठला येऊ का, असं विचारत होते. आम्ही म्हटलं, रविवारी या. रविवारी ते आले नाहीत. पंधरा दिवसांनी कळलं, त्यांनी आमच्याच गल्लीत घर घेतलं, आम्ही मागत होतो जवळजवळ त्याच किमतीला. एजंट सज्जन माणूस, पण त्या दिवशी तो बोलला, "सर, गिऱ्हाईक तुमच्या टाइमटेबलाप्रमाणे वर्गात येत नाही." ते वाक्य आम्हाला लागलं. लागलं याचा अर्थ त्यात तथ्य होतं.

आता आम्ही असं का वागलो, ते पाहू. अॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या भागात पादत्राणाचं उदाहरण दिलं आहे. जोड्याचे दोन उपयोग. एक पायात घालण्याचा, दुसरा तो देऊन त्याबदली काहीतरी घेण्याचा. दोन्ही त्याच जोड्याचे, पण विनिमयासाठी तो बनवलेला नसतो, म्हणून दुसरा उपयोग त्याचा खास स्वतःचा नव्हे. घराचंही तसंच आहे. मात्र एक अडचण अॅरिस्टॉटलच्या जोड्याला नव्हती. जोडा विकायला काढला की माणूस तो पायातून काढतो. घर विकायला काढलं तरी आपण त्यातच राहत असतो. तोच ओटा, तोच देव्हारा, तीच वामकुक्षीची खाट. त्यामुळे आपल्या लेखी घर पहिल्याच उपयोगात असतं. पाटी लावली, एजंटला सांगितलं, तरी मन म्हणतं हे आमचं घर आहे, इथे आमच्या वेळा चालतील. घर राहण्यासाठी आहे की विकण्यासाठी, याचा निर्णय आम्ही कागदावर घेतला होता, मनात घेतला नव्हता.

मानसशास्त्र आणि अर्थशास्त्रवाल्यांनी ह्याच्या जवळपासची गोष्ट मोजून दाखवली आहे. कानेमान, नेच आणि थेलर या तिघांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात कॉफीच्या मगांचे प्रयोग आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना एकेक मग दिला, निम्म्यांना नाही. मग विचारलं, केवढ्याला विकाल, केवढ्याला घ्याल? ज्यांच्या हातात मग होता त्यांनी सांगितलेली किंमत, नसलेल्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. मग सारखाच, आणि तो हातात येऊन जेमतेम काही मिनिटं झालेली. आमच्या हातात तर घर सदतीस वर्षं होतं!

या प्रयोगाकडे लोक रुपये-डॉलरच्या अंगाने बघतात. आम्हाला वाटतं, मालक आपली जादा किंमत दर वेळी पैशातच मागतो असं नाही. आम्ही भाव बाजाराप्रमाणेच सांगितला होता, त्याबद्दल आमची पाठही थोपटून घेतली होती. पण रविवारीच या, आधी फोन करा, चारच जण या, ह्या सगळ्या अटी म्हणजे समोरच्याकडून वेळेच्या रूपात वसूल केलेली किंमतच की. आणि ती घर विकत घेण्याआधीच, नुसतं बघण्यासाठी.

आता घेणाऱ्याच्या बाजूने बघा. आपल्याला वाटतं तो आपलं घर बघायला येतो. तसं नसतं. तो घरं बघायला निघतो. एजंट त्याला एका फेरीत चार-पाच घरं दाखवतो, आणि त्या फेरीत ज्या घराची किल्ली सहज मिळते ते घर बसतं. जे बसत नाही ते गळतं. नावडलं म्हणून नव्हे हो, वाटेत आलं नाही म्हणून. पाचातलं एखादं पसंत पडलं की तो परत फेरी काढत नाही. शिवाय त्याच्या डोक्यावर त्याची घड्याळं असतात. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र ठरावीक मुदतीचं असतं. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपत आलेला असतो. मुलाची शाळा जूनमध्ये सुरू व्हायची असते. पितृपंधरवड्यात लोक व्यवहार करत नाहीत हे खरं, पण दसऱ्याला टोकन द्यायचं तर घर आधी कधीतरी बघितलेलं हवं ना? आम्ही मात्र त्या पंधरवड्यात कोण येणार म्हणून एजंटला सुट्टी देऊन बसलो होतो.

घर एकदा बघून कोणी घेत नाही, हेही लक्षात घ्या. आधी नवरा येतो, मग बायको, मग दोघांचे आईवडील, मग फोनमधला होकायंत्र उघडून दिशा बघणारे कोणी काका. मुलगी बघायला येणाऱ्यांच्या तऱ्हा आपल्याकडे सांगून झाल्या आहेत, घर बघायला येणाऱ्यांच्या फार वेगळ्या नाहीत. पण या दुसऱ्या-तिसऱ्या भेटींची चेष्टा करू नये. घर हे सकाळी एक असतं आणि रात्री दुसरं. पाणी कधी येतं, कितीसं येतं, हे सकाळीच कळतं. पश्चिमेची भिंत किती तापते ते दुपारी चारला. पार्किंगची मारामारी रात्री नऊला. आणि छताची ओल कळायची तर जुलैच कामाचा.

इथे आम्हाला कांट आठवतो. वेळेचा एवढा पक्का की त्याच्या फिरायला जाण्यावर गावातले लोक घड्याळं लावत अशी आख्यायिका आहे. ह्या माणसाने १७८३ साली, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, क्योनिग्सबर्गमध्ये स्वतःचं पहिलं घर घेतलं. आणि १७८४ साली तो शहराच्या महापौराला तक्रारीचं पत्र लिहितो आहे की, जवळच्या तुरुंगातले कैदी मोठमोठ्याने भक्तिगीतं म्हणतात, त्याने काम होत नाही! 'क्रिटीक ऑफ प्युअर रीझन' लिहिणारा माणूस, पण ते घर भजनाच्या वेळी ऐकलं असतं तर कदाचित विचार केला असता. घेणारा जेव्हा म्हणतो, "एकदा संध्याकाळी येऊन बघू का?" तेव्हा तो हेच टाळत असतो. त्याला अडवलं तर तो काय समजेल?

याचं उत्तर अॅकरलॉफच्या १९७० सालच्या लेखात मिळतं. जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दलचा तो लेख. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत, घेणाऱ्याला नाहीत. म्हणून घेणारा प्रत्येकच गाडीबद्दल संशय धरून भाव पाडतो आणि चांगल्या गाडीचा मालकही त्यात भरडला जातो. आम्ही दुपारी नको म्हणत होतो झोपेसाठी. पण बघणाऱ्याला काय ठाऊक आम्ही झोपतो? त्याला वाटणार, दुपारी काहीतरी लपवण्यासारखं आहे. आणि महिने जात राहिले की एजंटांमध्येच कुजबुज सुरू होते, "तो फ्लॅट का? बरेच दिवस पडून आहे." कागदपत्रांत भानगड असेल, शेजार वाईट असेल, असे तर्क चालू होतात. आमच्या फ्लॅटमध्ये भानगड एकच होती, ती म्हणजे आम्ही.

कायद्याचंही एक वाक्य सांगून ठेवतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम ५५. वेगळा करार नसेल तर, मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला नाही, आणि घेणाऱ्याने साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात आला नसता, तो सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. याची दुसरी बाजू अशी की साधारण काळजीने दिसणारे दोष घेणाऱ्याने स्वतः बघून घ्यायचे. आता बघायची जबाबदारी त्याची आणि बघू द्यायचं आपण रविवारी दीड तास, हे न्यायाला धरून आहे का? शिवाय मोकळेपणाने दाखवलेल्या घराबद्दल पुढे "आम्हाला हे दिसलंच नव्हतं" अशी तक्रार करणंही अवघड जातं.

मग काय, कोणीही कधीही यावं? नाही. इथेही कांटच कामाला येतो. १७९५ च्या 'शाश्वत शांततेविषयी' या निबंधात तो परक्या माणसाच्या दोन हक्कांत फरक करतो. भेट देण्याचा हक्क त्याला आहे. पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क नाही, त्यासाठी वेगळा करार लागतो. तो बोलत होता देशांच्या सीमांबद्दल, आम्ही ते आमच्या उंबरठ्यावर आणलं. बघायला येणाऱ्याने भिंती ठोकाव्यात, नळ सोडावेत, गच्चीवर जावं. आमची कपाटं उघडू नयेत. आपल्याकडे अतिथी शब्दाची जी परंपरागत फोड करतात, ज्याची तिथी ठरलेली नाही तो, तीही आम्हाला पूर्वी फक्त श्लोकात आवडायची.

तेव्हा आम्ही नियम बदलले. सकाळी आठ ते रात्री साडेनऊ, तासभर आधी कळवलं की पुरे. दागिने आणि मूळ कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये. दाखवायला छायाप्रतींची एक फाइल. एकटं असताना अनोळखी माणूस एकटाच आला तर एजंट किंवा शेजारचे बरोबर हवेत, ही अट ठेवली, आणि ती प्रत्येकाने ठेवावी. सौ.ला बरं नसेल त्या दिवशी नाही म्हणायचो, पण त्याच फोनवर दुसरी वेळ द्यायचो. नुसतं नाही म्हणून फोन ठेवायचा नाही. आणि कोणी आलं की आम्ही दोघं खाली बाकावर किंवा गॅलरीत जाऊन बसायचो, कारण मालक समोर असला की लोक भिंतीच्या ओलीबद्दल मोकळं बोलत नाहीत.

सौ. तेव्हा म्हणाली होती, "म्हणजे आता आपणच आपल्या घरात पाहुणे." आम्ही त्यावर उत्तर दिलं नाही. ती बोलली ते खरंच होतं, आणि जिना तिलाच जास्त जाचत होता तरी नव्या वेळांना आधी हो तिनेच म्हटलं होतं.

त्यानंतरच्या सहा आठवड्यांत चौदा कुटुंबं आली. त्यातली नऊ उगाच आली, हेही सांगायला हवं; सैलपणाचा तोटा आहेच, चहाच्या कपांचा हिशेब आम्ही ठेवला नाही. घर घेतलं ते तळेगावहून नोकरीवरून परस्पर आलेल्या एका शिक्षक जोडप्याने. पहिल्यांदा आले ते मंगळवारी रात्री नऊला, धो धो पावसात, आणि आल्या आल्या त्यांनी शेवटच्या खोलीचं छत बघायला मागितलं. तिथे जुनी ओल होती. आम्ही दाखवली. त्यांनी तेवढ्यापुरते पैसे कमी करून मागितले आणि आम्ही केले. नव्या घराची उरलेली रक्कम मुदत संपायला अकरा दिवस असताना भरली.

एक प्रश्न आधीच आला आहे, तो घेतो आणि थांबतो. न्यू जर्सीहून एका बाईंनी विचारलंय की नाशिकचं आईवडिलांचं घर रिकामं आहे, त्या तिथे नाहीत, तर दाखवायचं कसं? बाई, तुमचं काम आमच्यापेक्षा सोपं आहे आणि अवघडही. सोपं अशासाठी की कोणाची झोप मोडत नाही. किल्ली एकाच एजंटकडे देऊन निर्धास्त राहू नका. एक विश्वासातल्या शेजाऱ्याकडे ठेवा, आणि कोण कधी येऊन गेलं याची वही त्यांच्याकडे असू द्या. वीज चालू ठेवा, पंधरा दिवसांतून एकदा घर झाडून नळ सोडून घ्या. बंद घराचा वास पहिल्या पावलाला येतो. भाडेकरू असतील तर मात्र त्यांच्याशी आधी बोलून वेळा ठरवा, कारण तिथे राहतात ते. आणि अवघड अशासाठी की नाशिकला संध्याकाळचे सात म्हणजे तुमच्याकडे सकाळ. घेणाऱ्याला जिन्यात उभं राहून काही विचारायचं असेल, तर तेवढ्यापुरता फोन तुम्ही उचलायला हवा.