खिशातली दुर्बीण : घ्यावी की नको?

बंगळुरूच्या राजाजीनगर भागातील एका सभागृहात नृत्यवर्गाचा वार्षिक कार्यक्रम रंगात आला होता. बाराव्या रांगेत एक मराठी कुटुंब बसले होते. आजोबा मूळचे बेळगावचे. कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच झाले. आजी मात्र गुडघेदुखीमुळे घरीच राहिल्या होत्या. निघताना त्यांनी मुलाला एवढेच बजावले होते, "तिचा एक तरी फोटो नीट काढून आण बाबा. चेहरा दिसला पाहिजे."

नात रंगमंचावर आली. मुलाने मोबाइल उंच धरला, पडद्यावर बोटे फाकवून चित्र मोठे केले आणि भराभर चाळीस-पन्नास फोटो काढले. रात्री घरी आल्यावर आजींनी चष्मा लावून मोबाइल हातात घेतला. एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला आणि हळूच विचारले, "अरे, हिचं नाक कुठं आहे?"

सगळे हसले, पण आजींचा चेहरा उतरलेला पाहून हसू लगेच विरले. दोन महिन्यांनी नातीचे अरंगेत्रम होते. वर्षानुवर्षांच्या साधनेनंतरचा हा पहिला स्वतंत्र कार्यक्रम आयुष्यात एकदाच होतो. आजी त्यालाही जाऊ शकणार नव्हत्या. तेव्हा घरात विषय निघाला तो खिशात मावणाऱ्या, लांब पल्ल्याच्या झूम कॅमेऱ्याचा. आजोबांना तो हवाच होता, कारण त्यांना पक्ष्यांचे वेड. सुनेचा मात्र विरोध होता. "घरात तीन मोबाइल आहेत. जूनमध्ये शाळेची फी भरायची आहे. आणखी एक यंत्र कशाला?"

हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या कॅमेऱ्याचे गुण आणि दोष दोन्ही पारखून घेतले पाहिजेत.

दहा पटींपासून चाळीस पटींपर्यंत

पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी तयार केला. खिशात मावेल असा आणि तरीही दूरचे टिपणारा कॅमेरा मात्र बराच उशिरा आला. पॅनासॉनिकने २००६ मध्ये 'टीझेड १' हा कॅमेरा आणला. त्याच्या नावातील अक्षरांचा अर्थच 'प्रवासासाठी झूम' असा होता. त्याचा झूम होता १० पट. त्यानंतर कंपन्यांमध्ये जणू शर्यत लागली. २०१२ पर्यंत हा आकडा २० पटींवर, २०१३ मध्ये ३० पटींवर आणि २०१६ मध्ये कॅननच्या 'एसएक्स ७२०' बरोबर ४० पटींवर गेला.

याच काळात मोबाइलने मात्र साध्या कॅमेऱ्यांची बाजारपेठ गिळून टाकली. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्या आत आली. तरीही लांब झूमचे छोटे कॅमेरे पूर्णपणे संपले नाहीत. २०२५ मध्ये पॅनासॉनिकने 'टीझेड ९९' हा ३० पट झूमचा नवा कॅमेरा बाजारात आणला. मोबाइलला जे अजून नीट जमत नाही, ते हा कॅमेरा करतो, हेच त्यामागचे कारण.

पहिला गुण : खरा झूम

झूम दोन प्रकारचा असतो. एक भिंगांचा, म्हणजे ऑप्टिकल. यात कॅमेऱ्यातील भिंगे पुढे-मागे सरकतात आणि दूरची वस्तू खरोखरच मोठी दिसते. दुसरा डिजिटल. यात काढलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून ताणला जातो. रबरी फुग्यावर लिहिलेले नाव फुगा फुगवल्यावर मोठे दिसते, पण अक्षरे फिकट होतात, तसाच हा प्रकार. नातीचे नाक हरवले ते यामुळेच.

चांगल्या महागड्या मोबाइलमध्येही आता ३ किंवा ५ पटींचे वेगळे भिंग असते. ५ पट म्हणजे छायाचित्रकारांच्या भाषेत साधारण १२० मिलिमीटर. याउलट ३० पट झूमच्या कॅमेऱ्याचा पल्ला २४ पासून ७२० मिलिमीटरपर्यंत असतो. याचा अर्थ सोप्या भाषेत असा : २० मीटर अंतरावरून पूर्ण झूम केल्यास चौकटीत जेमतेम १ मीटर रुंदीचा भाग येतो. म्हणजे बाराव्या रांगेतूनही नर्तिकेचा चेहरा आणि खांदे चौकट भरून दिसतात.

दुसऱ्या टोकाला २४ मिलिमीटरही तितकेच कामाचे आहे. १० फुटांच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभे राहिल्यास समोरची साडेचार मीटर रुंदी चौकटीत मावते. वाढदिवसाला जमलेले सगळे कुटुंब, केकसकट, एका फोटोत येते. मोठ्या कॅमेऱ्याला या दोन कामांसाठी दोन भिंगे लागतात आणि ती वाहायला खांद्यावर पिशवी लागते. हा कॅमेरा मात्र साधारण ३०० ग्रॅमचा, स्वयंपाकघरातल्या मोठ्या वाटीएवढ्या वजनाचा. पर्समध्ये सहज राहतो.

आजोबांसाठी तर ही पर्वणीच. राजाजीनगरपासून जवळच १८८२ साली बांधलेला सँकी तलाव आहे. तिथे सकाळच्या उन्हात काठीवर पंख वाळवत बसलेला पाणकावळा काठावरूनच टिपता येतो. श्रीरंगपट्टणजवळच्या रंगनतिट्टू पक्षी अभयारण्यात कावेरीच्या पात्रातील बेटांवर पेलिकन आणि चित्रबलाक घरटी करतात. नावेतून त्यांच्या फार जवळ जाता येत नाही. अशा वेळी लांब झूमच उपयोगी पडतो. रात्री गच्चीवरून चंद्राचा फोटो काढला, तर ७२० मिलिमीटरवर चंद्र चौकटीच्या उंचीचा सुमारे पाव भाग व्यापतो आणि त्यावरील विवरे ओळखू येतात.

आता दोष : उजेड गेला की सोंग उतरते

एवढे सगळे खिशात बसवायचे, तर कुठेतरी तडजोड करावीच लागते. ती केली जाते संवेदकात, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यातील फिल्मच्या जागी बसवलेल्या चकतीत. अशा बहुतेक कॅमेऱ्यांमध्ये ती सुमारे ६ मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असते. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीत अशा तीस चकत्या मावतील! लहान वाटीत पावसाचे पाणी कमी साठते, तसा लहान संवेदकात प्रकाशही कमी साठतो. आजच्या कित्येक मोबाइलमधील मुख्य कॅमेऱ्याचा संवेदक याहून मोठा असतो. त्यामुळे संध्याकाळी घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात साधा, झूम नसलेला फोटो मोबाइलच चांगला काढतो, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी अडचण भिंगाची. झूम लांबवत नेला की भिंगातून येणारा प्रकाश घटत जातो. ३० पट झूमच्या नमुनेदार कॅमेऱ्यात पूर्ण झूमवर तो सुरुवातीच्या सुमारे पाव भागच उरतो. मग कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. पूर्ण झूमवर हाताचा बारीकसा कंपही मोठा होऊन दिसतो. त्यासाठी कॅमेऱ्यात कंप-नियंत्रक असतो. तो आपल्या हाताचा थरकाप सावरतो, पण समोरच्या नर्तिकेचे पाय थांबवू शकत नाही! नाचणारी मुलगी धूसर यायची ती येतेच. फ्लॅशचाही उपयोग नाही, कारण या छोट्या फ्लॅशचा उजेड काही मीटरच्या पुढे पोहोचत नाही. उलट कलाकार आणि प्रेक्षक दोघांनाही त्रास होतो.

आणखी काही लहान दोषही आहेत. बऱ्याच नमुन्यांत डोळा लावून पाहण्याची खिडकी नसते. भर उन्हात मागच्या पडद्यावर काहीच दिसत नाही आणि पूर्ण झूमवर उडता पक्षी शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे होते. 'टीझेड ९९' मध्येही ही खिडकी काढून टाकण्यात आली आहे, जी त्याच्या आधीच्या 'टीझेड ९५' मध्ये होती. भिंगाची नळी आत-बाहेर करताना धूळ आत ओढली जाऊ शकते आणि हा कॅमेरा घरी उघडून साफ करता येत नाही. नळी बाहेर असताना कॅमेरा पडला, तर दुरुस्तीचा खर्च जिवावर येतो. शिवाय दुपारी तापलेल्या गच्चीवरून इस्कॉन मंदिराचे कळस टिपायला गेल्यास मधल्या गरम हवेच्या थरथरीने चित्र पाण्यातल्यासारखे हलते. तो दोष कॅमेऱ्याचा नाही. सकाळी लवकर फोटो काढावा, हाच त्यावर उपाय.

आधी उसना, मग विकत

राजाजीनगरच्या त्या कुटुंबाने एक शहाणपण केले. थेट दुकानात न जाता शेजाऱ्यांकडून त्यांचा झूम कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून घेतला आणि अरंगेत्रमच्या रंगीत तालमीला नेला. पहिल्या दिवशी बाराव्या रांगेतून पूर्ण झूमवर काढलेले फोटो पाहून सून म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" चेहरा मोठा होता, पण हललेला.

दुसऱ्या दिवशी मुलगा तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. तिथून सात-आठ मीटर अंतर होते. पूर्ण आकृतीसाठी फक्त ६-७ पट झूम पुरला. झूम कमी, म्हणून प्रकाश जास्त. कोपर खुर्चीच्या हातावर टेकवले, फ्लॅश बंद केला आणि सलग फोटो काढण्याची सोय सुरू ठेवली. पण खरी युक्ती सांगितली ती नातीनेच. "बाबा, तीरमानम संपताना मी एक क्षण थांबते. तेव्हा बटण दाबा."

भरतनाट्यममधील तालबद्ध तुकडा संपताना नर्तिका एका ठाम मुद्रेत स्थिर होते. तो क्षण कॅमेऱ्याला पुरेसा होता. यंत्राची उणीव माणसाच्या माहितीने भरून निघाली.

घेताना काय पाहाल?

• डब्यावर फक्त ऑप्टिकल झूमचा आकडा पाहा. डिजिटल झूमच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका.
• मेगापिक्सेल जास्त म्हणजे फोटो चांगला, हा गैरसमज आहे. लहान संवेदकावर जास्त ठिपके कोंबल्याने अंधारात फायदा होत नाही.
• कार्यक्रम बहुतेक सभागृहांत आणि लग्नघरात टिपायचे असतील, तर मोठ्या, 'एक इंची' संवेदकाचा कॅमेरा पाहा. त्याचे क्षेत्रफळ नेहमीच्या चकतीच्या चौपट असते. मात्र झूम १० ते १५ पटच मिळतो आणि किंमत वाढते.
• सहल, पक्षी, मैदानावरील खेळ हा छंद असेल, तर ३० पट झूम पुरेसा आहे.
• जादा बॅटरी आणि मेमरी कार्डाचा खर्च आधीच हिशेबात धरा.
• जुना कॅमेरा घेत असाल, तर दुकानातच झूम पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. खरखर आवाज आला तर घेऊ नका. पूर्ण झूमवर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. त्यात काळे डाग दिसले, तर आत धूळ आहे. त्या नमुन्याची बॅटरी अजून मिळते का, तेही विचारा.

आणि ज्या घरात वर्षातून दोनदाच फोटो काढले जातात, पक्ष्यांचा वा प्रवासाचा नाद कुणालाच नाही, त्यांनी हा खर्च टाळावा. पुढच्या रांगेत जागा धरणे हा सर्वांत स्वस्त झूम आहे!

त्या घरात शेवटी तडजोड झाली. शाळेची फी आधी भरायची आणि कॅमेरा आजोबांनी आपल्या निवृत्तिवेतनातून, दिवाळीनंतर घ्यायचा, असे ठरले. अरंगेत्रमला शेजाऱ्यांचाच कॅमेरा पुन्हा आला. त्या दिवशीचा एक फोटो मुलाने स्टुडिओत मोठा छापून घेतला आणि चौकटीत बसवून आजींच्या पलंगासमोर लावला. आजींनी तो बराच वेळ निरखला. मग त्या म्हणाल्या, "नाक तर दिसतंच आहे. नथ वाकडी झाली होती, ती कुणी सांगितली नाही का पोरीला?"

सून हसली आणि दिवाळीनंतरच्या खर्चाच्या यादीत कॅमेऱ्याच्या खाली तिने स्वतःच्या हाताने लिहिले : जादा बॅटरी, एक.