गाडीतला कॅमेरा-स्टँड : एक किलो लोखंडाचे काम

लग्नाची वरात निघाली की व्हिडिओवाला मुलगा गाडीच्या खिडकीतून अर्धा बाहेर लटकून चित्रण करतो, हे दृश्य आपल्या सर्वांच्या पाहण्यातले आहे. ड्रायव्हिंग स्कूलवाले, टेम्पोमालक आणि आता मोबाईलवर प्रवासाचे चित्रण करणारी तरुण मुले, या सगळ्यांची अडचण एकच असते. चालत्या गाडीत कॅमेरा स्थिर ठेवायचा कसा? बाजारात तयार स्टँड मिळतात, पण जे मजबूत आहेत ते महाग आणि जे स्वस्त आहेत ते पहिल्याच उन्हाळ्यात काचेवरून सुटून पडतात. लोखंडाचे काम जाणणाऱ्या कारागिराला हा स्टँड अर्ध्या दिवसात बनवता येतो. गॅरेजवाले, फॅब्रिकेशनवाले व हार्डवेअरचे व्यापारी बांधव यांनी या वस्तूकडे लक्ष द्यावे म्हणून ही माहिती देत आहोत.

सुरुवातीलाच आमची एक चूक सांगून टाकतो. पहिला स्टँड आम्ही एका ओळखीच्या व्हिडिओवाल्यासाठी बनवला. कॅमेऱ्याखाली लावायला डब्यात हाताशी लागला तो ६ मिलिमीटरचा बोल्ट वापरला. दोन-तीन फेरे छान बसला, मग घट्ट झाला. आम्हाला वाटले, काम पक्के झाले. खराब रस्त्यावर कॅमेरा डुलू लागला आणि काढून पाहिला तेव्हा त्याच्या बुडातले आटे खाल्ले गेले होते. त्या मुलाने तो कॅमेरा हप्त्यांवर घेतला होता आणि घर त्याच्यावरच चालत होते. दुरुस्तीचा खर्च आम्ही दिला, पण ऐन लग्नसराईत त्याचे पंधरा दिवस गेले, ते आम्ही देऊ शकलो नाही. म्हणून सांगतो, स्टँड स्वस्त असावा, पण तो कुठे स्वस्त करायचा आणि कुठे नाही, हे आधी कळले पाहिजे.

बोल्टची पारख

कॅमेऱ्याच्या बुडाला जे भोक असते ते पाव इंची असून त्याला एका इंचात २० आटे असतात. हे माप फार जुने आहे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांची जी मापे ठरवली त्यांत पाव इंचाला २० आटेच होते आणि पुढे अमेरिकेनेही पाव इंचाला तोच आकडा ठेवला. दोन्हींच्या आट्यांचा कोन थोडा वेगळा आहे, परंतु कॅमेऱ्याला दोन्ही बोल्ट चालतात.

६ मिलिमीटरचा बोल्ट मात्र चालत नाही. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. पाव इंची बोल्टचे आटे एकमेकांपासून १.२७ मिमीवर, तर ६ मिमीच्या बोल्टचे १ मिमीवर असतात. त्यामुळे तो शिरतो, अडकतो आणि घट्ट झाल्याचा भास करून देतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा आपल्या गावच्या कोणत्याही जुन्या हार्डवेअरच्या दुकानात ‘पाव इंची, वीस आट्यांचा’ असे स्पष्ट सांगून बोल्ट मागावा. घरी आणून त्याच मापाचा नट हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहावा.

दुसरी गोष्ट लांबीची. पट्टी, वॉशर आणि रबर यांच्यावर बोल्ट साडेचार ते पाच मिमीच वर आला पाहिजे. कमी आला तर पकड नाही, जास्त आला तर तो भोकाच्या तळाला टेकून कॅमेऱ्याचे बूड फोडतो. खाली दिलेल्या मापाला अर्धा इंच लांबीचा बोल्ट बरोबर बसतो.

सामान आणि कृती

कॅमेरा बसवायची उत्तम जागा म्हणजे पुढच्या डाव्या सीटच्या हेडरेस्टचे दोन लोखंडी दांडे. ते सीटच्या सांगाड्यात पक्के असतात आणि गाडीला एकही भोक पाडावे लागत नाही.

सामान असे : २५ मिमी रुंद व ५ मिमी जाड लोखंडी पट्टी, एक तुकडा २५० मिमी व दुसरा ४०० मिमी लांबीचा. ४० बाय ४० बाय ५ मिमी अँगलचा ६० मिमी तुकडा. ८ मिमीचे, ४० मिमी लांब दोन बोल्ट. ६ मिमीचे दोन छोटे बोल्ट. सर्वांना वॉशर व नायलॉक नट. कॅमेऱ्यासाठी वर सांगितलेला पाव इंची बोल्ट. जुन्या ट्यूबचे रबर. दोन्ही पट्ट्या आणि अँगल मिळून लोखंड एक किलोच्या आतच लागते.

छोट्या पट्टीला एका टोकापासून ९५ व १५५ मिमीवर ९ मिमीची दोन भोके पाडावीत. मोठ्या पट्टीलाही एका टोकापासून याच अंतरावर भोके पाडावीत. एक पट्टी दांड्यांच्या पुढून, दुसरी मागून, दोन्ही कडेवर उभ्या धरून मधल्या दोन बोल्टांनी आवळल्या की दांडे चिमट्यात धरल्यासारखे पकडले जातात. दांड्यांमधले अंतर प्रत्येक गाडीत वेगळे असते, पण बोल्ट मधोमध असल्याने हा एकच स्टँड अनेक गाड्यांना लागतो. दांडे आणि पट्टी यांच्यामध्ये ट्यूबच्या रबराची एकेक पट्टी द्यावी. त्याने पकड येते आणि दांड्यावर चरे पडत नाहीत.

मोठ्या पट्टीचे १५० मिमी टोक आता दोन सीटांच्या मधल्या जागेकडे बाहेर येईल. त्या टोकाला अँगल दोन छोट्या बोल्टांनी लावावा, त्याची एक बाजू वर आडवी राहील अशी. त्या आडव्या बाजूच्या मध्यावर ७ मिमीचे भोक पाडून खालून पाव इंची बोल्ट घालावा. वर दीड मिमी रबर ठेवून कॅमेरा बसवावा. मोबाईलसाठी खाली हेच आटे असलेला चिमटा बाजारात मिळतो. सर्व कडा कानशीने गोल करून रंग द्यावा आणि बाहेर आलेल्या टोकाला रबर गुंडाळावे.

चित्र हलते कशाने?

आमच्या पहिल्या स्टँडची पट्टी एक फूट बाहेर होती आणि आडवी बसवली होती. चित्र पाण्यात पाहावे तसे हलले. तेव्हा दोन हिशेब कळले. टोकावर तेवढाच भार ठेवून बाहेर आलेल्या पट्टीची लांबी दुप्पट केली तर तिचे वाकणे आठ पट होते. आणि २५ बाय ५ ची पट्टी आडवी ठेवण्याऐवजी कडेवर उभी ठेवली तर खड्ड्याच्या उभ्या दणक्याला ती पंचवीस पट ताठ होते. लाकडी तुळई उभीच का बसवतात, त्याचे कारण हेच. जास्त लोखंड घालण्यापेक्षा पट्टी आखूड आणि उभी ठेवली की काम होते आणि पैसाही वाचतो.

रबराचाही अतिरेक नको. दोन मिमी रबर बारीक थरथर खाते, पण जाड व मऊ गादी दिली तर कॅमेरा झोके घेऊ लागतो. मोटारसायकलच्या हँडलवर मोबाईल थेट बसवणाऱ्यांना तर खास इशारा आहे. इंजिनाच्या जोरदार थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाचे काम बिघडू शकते, असे ॲपल कंपनीने स्वतः २०२१ मध्ये जाहीर केले होते.

जिवाशी खेळ नको

गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता एकदम थांबली तर सुटलेला कॅमेरा ज्या वेगाने पुढे जातो, तो सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे जवळपास तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या वस्तूइतका असतो. म्हणून कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीतून बारीक तारेचा दोर किंवा मजबूत नायलॉन पट्टा काढून थेट हेडरेस्टच्या दांड्याला बांधावा, स्टँडला नव्हे. स्टँडच सुटला तर स्टँडला बांधलेल्या दोराचा काय उपयोग? दोर आखूडच ठेवावा.

डॅशबोर्डवर, विशेषतः डाव्या सीटसमोर, लोखंडी वस्तू कधीही बसवू नये. तिथल्या झाकणाखाली एअरबॅग असते. २०२१ पासून आपल्याकडे नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही जागांना ती सक्तीची आहे, आणि ती उघडली की पुढची वस्तू माणसाच्या तोंडावर येते. बॉनेटवर किंवा टपावर बाहेरून कॅमेरा लावू नये. पडला तर मागच्या स्कूटरवाल्याचा जीव जाईल. चित्रण चालू असताना ती डावी सीट आणि मागची मधली जागा रिकामी ठेवावी. चालकाची समोरची नजर आणि मधला आरसा अडू नये. कॅमेरा गाडी उभी असतानाच चालू करावा. चालवताना मोबाईल हातात धरणे हे २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहन चालवण्यात मोडते.

विकण्यापूर्वी

पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय करावी. अँगलवर एक किलो मिठाची पिशवी घट्ट बांधून गाडी खराब रस्त्यावरून आणि गतिरोधकांवरून तासभर फिरवावी. त्याआधी प्रत्येक नटावरून पट्टीपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी. परत आल्यावर रेघ जुळत नसेल तर नट फिरला आहे. हीच रेघ गिऱ्हाइकालाही दाखवून द्यावी, म्हणजे प्रत्येक कामाआधी तो स्वतः एका नजरेत तपासू शकेल.

भाव ठरवताना आपले कारागीर फक्त लोखंडाचा पैसा धरतात आणि मजुरी विसरतात. लोखंडाचा दर बदलत असतो म्हणून आम्ही रुपये सांगत नाही, पण हिशेबाची यादी सांगतो : लोखंड, बोल्ट व रबर, कापण्याचे पाते आणि ड्रिलची झीज, रंग, वीज, आपले तास, आणि दहा नगांत एखादा बिघडेल त्याचा वाटा. यावर नफा. एकेक नग बनवण्यापेक्षा दहा नगांच्या पट्ट्या एकदम कापून एकाच साच्यावर भोके पाडली तर वेळ निम्म्यावर येतो.

पाव इंची बोल्टऐवजी हाताशी आलेला बोल्ट लावून वाचतात दोन-चार रुपये. तेवढ्यासाठी दुसऱ्याची रोजी आपल्या हातून बिघडू नये. गिऱ्हाईक आपला कॅमेरा आपल्या कामावर टांगून जातो. ती अमानत आहे, असे समजून शेवटचा नट आवळावा.