डी. व्ही. आर.मधील चित्रण संगणकावर कसें घ्यावें?



हल्लीं शहरांतील बऱ्याच गृहसंस्थांच्या फाटकापाशीं व जिन्यांत कॅमेरे बसविलेले असतात. त्यांनीं टिपलेलें चित्रण ज्या पेटींत सांठतें, तिला डी. व्ही. आर. म्हणतात. चोरी झाली कीं पहिला संशय पहारेकऱ्यावर अथवा मोलकरणीवर जातो. अशा वेळीं हेंच चित्रण निर्दोष माणसाची अब्रू राखूं शकतें. मात्र तें वेळींच बाहेर काढलें पाहिजे.

प्रथम एक हिशेब ध्यानांत घ्यावा. एका कॅमेऱ्याचें चित्रण सेकंदास २ मेगाबिट या वेगानें सांठत असेल, तर एका दिवसांत २१.६ गिगाबाइट जागा लागते. चार कॅमेऱ्यांस ८६.४ गिगाबाइट. म्हणजे १ टेराबाइटची हार्ड डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते. मग पेटी सर्वांत जुनें चित्रण पुसून त्या जागीं नवें लिहूं लागते. यास्तव 'सवडीनें काढूं' असें म्हणणें म्हणजे हातचा पुरावा घालविणें होय.

आतां प्रत्यक्ष कृति. पेटीचें घड्याळ व आपल्या फोनवरील वेळ ताडून पाहावी. अंतर असल्यास तें कागदावर टिपून ठेवावें. नंतर पेटीच्या यू. एस. बी. खांचेंत पेनड्राइव्ह लावावा. पुष्कळ पेट्यांना तो फॅट-३२ पद्धतीनें फॉरमॅट केलेला लागतो. त्या पद्धतींत एक फाइल ४ गिगाबाइटांहून मोठी असूं शकत नाहीं. म्हणून दीर्घ चित्रणाचे तुकडे पडतात, ते सर्व घ्यावे. मेनूंतील 'बॅकअप' किंवा 'एक्स्पोर्ट' हा भाग उघडून कॅमेरा, दिनांक व वेळ निवडावी. घटनेच्या मागचा व पुढचा अर्धा अर्धा तासहि सोडूं नये.

फाइलीचा प्रकार एम. पी. ४ निवडतां आला तर उत्तम. कांहीं पेट्या आपल्या निराळ्याच प्रकारांत फाइल देतात. ती संगणकावर सहसा उघडत नाहीं. तेव्हां त्या पेटीचा प्लेअरहि सोबत उतरवून घ्यावा. संगणकावर फाइली घेतल्यावर त्या आरंभापासून अखेरपर्यंत चालवून पाहाव्या, व दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवावी. मूळ फाइलींत कांपाकांपी करूं नये.

पेटी उघडून हार्ड डिस्क थेट संगणकास जोडण्याचा मोह मात्र आवरावा. तिच्यावरील मांडणी संगणकास बहुधा उमगत नाहीं, व तो डिस्क फॉरमॅट करण्याची अनुज्ञा मागतो. घाईनें 'होय' म्हटलें कीं सर्व चित्रण हातचें जाण्याचा धोका असतो.

प्रकरण न्यायालयांत जाणार असेल, तर नुसती प्रत पुरत नाहीं. जालना मतदारसंघाच्या २०१४ सालच्या निवडणुकीसंबंधींच्या खटल्यांत प्रश्न व्हिडिओ-चित्रणाचाच होता. मूळ साधन हजर न करतां प्रत दिल्यास प्रमाणपत्र आवश्यक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वयेंहि असें प्रमाणपत्र लागतें, व त्यांत फाइलीचें हॅश-मूल्य नमूद करावें लागतें. हॅश-मूल्य म्हणजे जणूं फाइलीचा अंगठ्याचा ठसा. फाइलींत एक अक्षर बदललें तरी तो ठसा बदलतो.

प्रत्येक गृहसंस्थेनें महिन्यांतून एकदां पांच मिनिटांचें चित्रण संगणकावर घेऊन पाहावें, आणि ही कृति निदान दोघांना तरी शिकवून ठेवावी. प्रसंग ओढवल्यावर शिकावयास अवधि मिळत नाहीं.